छत्तीसचा दगड

जन्मभर मैलकुली म्हणून राबलेल्या माणसाला म्हातारपणी न्यायला दारात गाडी आली, तर तो फुशारणारच. मैलकुली म्हणजे ज्याच्या अंगावर काही मैलांचा रस्ता असतो. खड्डे बुजवायचे, गटारं उपसायची, मैलाचे दगड रंगवायचे. आता जुने दगड शोधून जपणाऱ्या खात्यातली बाई म्हणाली, "बाबा, तुमच्याशिवाय कोणाला ठाऊक असणार?" आणि गडी विरघळला. पाच दगड त्याने बिनबोभाट दाखवले. सहाव्यापाशी मात्र दोन दिवस घुटमळला, कारण त्या दगडावर बायकोचा हात होता.

पांढरा रंग तो द्यायचा, काळे आकडे ती काढायची. तिला अक्षरओळख नव्हती, पण रेघ काडीइतकी हलायची नाही. त्याने कागदावर ३६ काढून दिला होता. दगडावरची कोरलेली खाच रंगाच्या थरांखाली केव्हाच बुजलेली. पठ्ठीने ठोकून दिला ६३!

"अगं, हे काय केलंस?"

"अहो, दोघं पाठ फिरवून फुगून बसले होते. बसवले समोरासमोर. बोलतील तरी."

आदल्या दिवसापासून नवराबायकोत अबोला होता. तो पोट धरून हसला. साहेब मात्र भडकला, गाव सत्तावीस मैल लांब गेलं म्हणून. "उद्या बदलतो साहेब," म्हणत याने वर्ष काढलं. मग किलोमीटर आले आणि जुने दगड काढायचा हुकूम सुटला. बाकीचे त्याने रस्त्याकडेच्या चरात लोटले. हा एक गोणपाटात गुंडाळून पुलाशेजारी पुरला.

बायकोला जाऊन नऊ वर्षं झाली. तिच्या हातचं म्हणावं असं जगात एवढंच उरलं होतं. शेवटी त्याने जागा दाखवली. जपणारीच माणसं आहेत, जपतील, असं त्या खुळ्याला वाटलं.

गोणपाट कुजलं होतं, ६३ शाबूत होता. म्हाताऱ्याने तळहाताने त्यावरची माती पुसली.

"चुकीचा आकडा," बाई वहीत लिहीत म्हणाली. "रंग काढून टाकू. खाली मूळ कोरीव असेल."

"मॅडम, तेवढं राहू द्या ना."

"बाबा, आम्ही मूळ जपतो. वरचं काढावंच लागतं. घाबरू नका, दगडाला ओरखडा उठणार नाही."

हे माझ्या बायकोचं आहे, एवढंच त्याला म्हणायचं होतं. पण सरकारी दगडावर, त्यातून चुकलेल्या आकड्यावर, हक्क कोणत्या तोंडाने सांगायचा? इतक्यात खात्यातल्या कोणीतरी दगड धुवायला पाणी मागितलं आणि जन्माच्या सवयीने तोच बादली उचलून पुलाखाली उतरला.

वर आला तोवर काळ्या-पांढऱ्या खपल्या गवतात पडल्या होत्या.

"बघा बाबा, किती सुरेख निघालं!"

त्याने पाहिलं. तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसले होते.

"छान आहे," तो म्हणाला आणि बादली पुढे केली.