कळशीवरचं नाव

नवी स्टीलची कळशी घेतली. दुकानदार विजेवरच्या मशीनने दुसऱ्या कुणाच्या डब्यावर नाव घालत होता. सुई नुसती पळत होती आणि अक्षरं तिरकी, एकमेकांचा हात धरून घाईने चाललेली.

मला घरची तांब्याची कळशी आठवली. तिच्यावरचं नाव छिन्नीने एकेक ठोका मारून घातलेलं, सगळं ठिपक्यांचं. छिन्नीला गोल वळता येत नाही, म्हणून अक्षरंही टोकदार. माझी शाळा चौथीपर्यंत, पण अक्षराचं वळण हत्यार ठरवतं हे तिथे उभ्या उभ्या कळलं. छिन्नी गेली, सुई आली, वळण बदललं. भांड्यावर नाव मात्र अजून घरधन्याचंच.

"काकू, मालकांचं नाव सांगा."

त्यांचं नाव मी तोंडाने घेत नाही, एरवी चिठ्ठीवर लिहून देते. त्या दिवशी चिठ्ठी काढलीच नाही.

"शेवंता घाला," मी म्हटलं.

"नुसतं शेवंता? मालक रागावतील हो."

"पाणी मी भरते."

त्याने सुई टेकवली. अक्षरं तिरकीच आली. कळशी फळीवर ठेवताना मी नाव दाराकडे करून ठेवते.