फाट्यावरचा दगड आणि रांजण

खुशालरावांना माणिकबाईबद्दल खरं म्हणजे फार थोडं ठाऊक होतं. शाळेत शिकवायला येताना दर्यापूरच्या जीपमधून फाट्यावर उतरून वर्षानुवर्षं तिच्या रांजणातलं पाणी प्यायले, पण तिचं माहेर कुठलं, हेही कधी विचारलं नाही. म्हणून ती आणि तिचा नवरा यांच्या नावानं फाट्यावर बसवायच्या दगडासाठी ग्रामपंचायतीनं चार ओळी मागितल्या तेव्हा ते अवघडले. सगळ्यांना माहीत होतं तेवढंच त्यांनी लिहिलं. पंजाबराव आणि माणिकबाई तायडे रस्त्याच्या कामावर गिट्टी फोडायला आले. काम संपलं, बाकीचे मजूर गेले, हे दोघं राहिले. आसपासच्या विहिरी खाऱ्या, म्हणून लांबून गोडं पाणी आणून वाटसरूंसाठी त्यांनी रांजण भरला. पुढे त्याच्याभोवती वस्ती झाली.

पंजाबराव तोवर वारले होते. दगड बसला तेव्हा माणिकबाई म्हणाली, "जिंदगीभर बुढ्यानं गोटेच फोडले. आता त्याच्याच नावाचा गोटा!"

सगळे हसले. पण रस्त्याकडेला उभा काळा दगड दिसला, की बाहेरगावचे लोक वाचायच्या आधी हात जोडायचे. मग कुणीतरी शेंदूर लावला. नारळ फुटू लागले. माणिकबाई रोज सकाळी रांजणातलं पाणी घेऊन दगड घासत बसायची. दुसऱ्या दिवशी शेंदूर पुन्हा तिथंच.

"राहू द्या ना बाई," खुशालराव एकदा म्हणाले. "लोक मानानंच लावतात."

"मान?" तिनं हातातली घासणी खाली टाकली. "आमी दीक्षा घेतलेले लोकं, खुशालराव. बुढ्यानं घरात एक देव ठेवला नाई. अन् मेल्यावर त्याचाच मारोती करून राह्यले लेकाचे! तुमीच लिहिलं ना हे? मंग तुमीच काही करा. माह्यानं आता होत नाई."

खुशालरावांनी पाटी रंगवून लावली : शेंदूर लावू नये. दोन दिवसांनी पाटीलाही गुलाल लागला होता. ते पाटीखाली मटकन बसले. माणिकबाई शेजारी येऊन बसली. दोघंही दमलेले.

तेवढ्यात जीपमधून एक माणूस नारळ घेऊन उतरला. उन्हानं त्याचा घसा कोरडा पडला होता. नारळ बगलेत दाबून तो आधी रांजणाकडे वळला, पोटभर पाणी प्यायला, आणि जीपवाल्यानं हॉर्न देताच नारळासकट पळाला.

माणिकबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "उठा बाप्पा. रांजण सरकवू."

दोघांनी रांजण रिकामा केला, तिरपा करून हळूहळू लोटला आणि दगडाच्या अगदी पुढ्यात रोवला. दगडाला साखळीनं ग्लास बांधला. आता दगडापुढे वाकणारा माणूस पाण्यासाठीच वाकू लागला. पाणी पिता पिता एखादा चार ओळीही वाचायचा. शेंदूर हळूहळू थांबला.

त्या उन्हाळ्यातच माणिकबाई गेली. तेव्हा खुशालराव डोळे दाखवायला अकोल्याला गेले होते. ते निघाले तेव्हा ती रांजणापाशी उभी होती.

"ग्लास नेला वाटते कोनं," ती म्हणाली. "साखळी तेवढी ठेवली."

"येताना नवा आणतो."

"स्टीलचा नका आनू. प्लास्टिकचा आना, कोनी नेत नाई."

"बरं."