दिलीप गेल्यावरचं घर

चकलांब्याहून निघाले त्या सकाळी मला गाडीवर सोडायला एकट्या आत्याबाई आल्या होत्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. फाट्यावरच्या बायकांपैकी एकीनं विचारलंच, "का म्हून चाललीस गं?" मी बोलायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "नोकरी लागली तिला." ते खरं होतं. अंबाजोगाईत मुलींच्या वसतिगृहावर मला रेक्टरची जागा मिळाली होती, राहायला खोलीही. त्यांचा मुलगा, माझा नवरा दिलीप, गेवराईतल्या एका बाईबरोबर पुण्याला राहायला गेला होता, हेही खरं होतं. ते मात्र कुणी बोललं नाही.

दिलीप वाईट माणूस नव्हता. हे म्हटलं की ऐकणाऱ्याला मी त्याची बाजू घेतेय असं वाटतं. एखाद्या दिवशी त्याला माझ्याशिवाय कुणी नको असे. दुसऱ्या दिवशी बाजारातून यायला उशीर झाला की मी त्याची वैरीण. "तू मला सोडून जाणार हायस," म्हणत दार लावून घ्यायचा. एकदा हातावर ब्लेड ओढून घेतलं आणि मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला. आधी आम्ही त्याला कपिलधारला देवदर्शनाला नेऊन आणलं, मग अंबाजोगाईच्या दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. आपलं माणूस सोडून जाईल ही भीती अशांना सारखी असते, साधी गोष्टही फार लागते, म्हणाल्या. नेमानं येऊन बोलत राहिलं तर फरक पडतो, कितीतरी जणांचे संसार नीट चालतात, असंही म्हणाल्या. दिलीप काही महिने आला. मग "मी येडा न्हाई" म्हणून त्यानं येणं बंद केलं.

सोडून जाण्याची ज्याला एवढी धास्ती, तोच गेला. जाताना म्हणाला, "ती मला समजून घेती." त्या घटकेला त्याला ते मनापासून वाटत असणार.

अंबाजोगाईत भांडण नव्हतं, रडारड नव्हती. लोक म्हणायचे, सुटलीस. पण कॉरिडॉरमध्ये एखाद्या पोरीनं दार आपटलं की माझं काय चुकलं ते मी आठवू लागे. मेसची भाजी खारट झाली की मुलींची माफी मागायचे, स्वयंपाक माझा नसताना. आणि दुपारी फोन वाजला नाही की करमायचं नाही. "कुठं हायस?" असं विचारणारं आता कुणी नव्हतं. त्या विचारण्याला मी इतकी कंटाळलेली, तरी.

शेवटी मीच त्या डॉक्टरबाईंकडे गेले. बसल्याबसल्या दिलीपचं सांगायला लागले. त्यांनी थांबवलं. "त्यांचं कळलं. तुम्ही जेवता का नीट?" मग मी जात राहिले. हळूहळू मुलींना रागावताही येऊ लागलं.

वर्ष उलटल्यावर दिलीपचा फोन आला. ती बाई त्याला सोडून गेली होती, तो चकलांब्याला परतला होता. "येऊ का तुज्याकडं? तुज्याबिगर मी मरीन."

"दवाखान्यात या," मी म्हटलं. "मी तिथं थांबते. रूमवर न्हाई."

त्यानं शिव्या देऊन फोन ठेवला. मरणाचं बोलणं मी हसण्यावारी नेलं नाही. लगेच आत्याबाईंना फोन केला, "शेतात असाल तर घरी जावा. त्यांना एकटं सोडू नका."

दुसऱ्या दिवशी दोघं आले. केसपेपर मी काढला, डॉक्टरबाईंनी त्याला बराच वेळ आत बसवून घेतलं. बाहेर आल्यावर आम्ही तिघं चहाला थांबलो. दिलीप वाळला होता. लग्नाच्या वेळी बोलायचा तसं हळू म्हणाला, "लई दमलोय. तुज्या रूमवर पडतो जरा."

बरं, हा शब्द माझ्या ओठावर आला होता.

आत्याबाईंनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "तिच्या घरी न्हाई जायचं, दिलीप. ते घर तिचं हाय. तू माज्या घरी चल."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी चहाचे पैसे द्यायला उठले.

आता तो आईबरोबर दवाखान्यात येतो. कधी तारीख चुकवतो. वाटलं तर मी भेटते, नाहीतर नाही. गावाकडून फोन आले की बायका अजून विचारतात, "घरी कधी येतीस?" त्यांना घर म्हणजे चकलांबा. मलाही गावाची आठवण येते, आत्याबाईंच्या हातच्या भाकरीची येते. सणाला जाईन कधीतरी, पाहुणी म्हणून.

त्या दिवशी चहानंतर त्या दोघांची गेवराईची गाडी सुटल्यावर मी मंडईतून शेपूची जुडी घेतली. दिलीपला शेपूचा वास सहन होत नसे, म्हणून लग्नानंतर मी ती कधी केली नव्हती. घरी आले आणि भाजी फोडणीला टाकली.