पौर्णिमेला घर दाखवू नये

कोपरीतलं आमचं घर तळमजल्यावर, खाडीच्या अंगाला. पौर्णिमा-अमावास्येला भर दुपारी खाडीचं पाणी नाल्यातून उलटं फिरतं आणि आमच्या मोरीतून वर येतं. बाबांच्या मते यात घराचा दोष शून्य. चंद्र समुद्राचं पाणी स्वतःकडे ओढतो. पौर्णिमा-अमावास्येला सूर्यही त्याच रेषेत येऊन हातभार लावतो, म्हणून मोठी भरती. अष्टमीला दोघं काटकोनात ओढतात, जोर कमी पडतो, मोरी कोरडी. हे सगळं ते वर्षानुवर्षं खुर्चीवर पाय घेऊन समजावत आले.

पाणी उपसणं झेपेना, तेव्हा त्यांनी घर विकून कल्याणला माझ्याजवळ, सातव्या मजल्यावर जायचं ठरवलं. आई काही बोलली नाही, तो आम्ही होकार धरला.

गिऱ्हाइकांना अष्टमीलाच बोलवायचं, असा बाबांचा बेत. ही फसवणूक झाली, असं मी म्हटलं, तर म्हणाले, चंद्र काय आपण लपवलाय? पण अष्टमीला घर बघायला कोण येतं? सगळ्यांना पौर्णिमाच हवी. शेवटी डोंबिवलीच्या एका कुटुंबाला पौर्णिमेला सकाळी, पाणी चढायच्या आत यायला सांगितलं.

मंडळी शीळफाट्याला अडकली, ती टळटळीत दुपारी उगवली. मोरीच्या तोंडावर गोणपाट, त्यावर लाकडी पाट आणि वर वजनाला आईचा दगडी पाटा, अशी आमची पद्धत, त्यामुळे मी निर्धास्त होते. चहा झाला, घर आवडलं. तेवढ्यात त्यांच्यातल्या आजींना पाय धुवायचे होते. आईने अगदी अगत्याने मोरीचं दार उघडून दिलं.

आधी साबणाची डबी तरंगत बाहेर आली, तिच्यामागून प्लॅस्टिकचा मग, त्यामागून खाडी. बाबा सोफ्यावर पाय घेऊन सूर्य, चंद्र आणि काटकोन समजावू लागले. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"घर चांगलं आहे हो. पण चंद्राची तक्रार सोसायटीत घेतात का?"

चपला हातात घेऊन मंडळी गेली.

पाटा स्वयंपाकघरात ओट्यावर होता. आईने सकाळी त्यावर ओल्या खोबऱ्याची चटणी वाटली होती. शेजारी मिक्सर धडधाकट उभा. मी भडकलेच. "आई, नेमका आजच पाटा?"

"आजच," ती म्हणाली. "पाणी आलं की वरच्या मजल्यावरची जेवायला बोलावतात. संध्याकाळपर्यंत सोडत नाहीत. तिकडे तू ऑफिसात. सातव्या मजल्यावर मला कोण बोलावणार गं? मला नाही जायचं."

बाबांनी सोफ्यावरचे पाय खाली पाण्यात सोडले. जिन्यातून वरच्या काकूंनी पानं वाढल्याची हाक दिली. आईने साडी खोचली, चटणीचा डबा घेतला आणि घोटाभर पाण्यातून पुढे निघाली.

वर माझंही पान मांडलेलं होतं. बाबांनी चटणी दोनदा मागून घेतली. आता अमावास्येला काय करू, असं काकू आईला विचारत होत्या. बाबाच म्हणाले, भरली वांगी करा.