अबोल्याचं कारण

माझे यजमान आणि त्यांचे थोरले भाऊ यांचा अबोला बराच मुरलेला होता. यजमान ठाण्याच्या कचेरीत कारकून, थोरले कल्याणला वडिलांच्या घरात. मधे आगगाडीचा तासाभराचा रस्ता. पण त्या रस्त्यानं जायच्या-यायच्या त्या फक्त दिवाळीच्या फराळाच्या टोपल्या, त्याही आम्हा जावांनी परभारे धाडलेल्या. आम्हा जावांचं छान होतं. रुसायला आम्हाला वेळ कुठला!

आमच्या मुलीचं लग्न ठरलं आणि पंचाईत झाली. होणारे व्याही पहिल्याच बैठकीत म्हणाले, "मुलीचे काका दिसले नाहीत?" यजमानांनी "प्रकृती जरा..." असं पुटपुटत पानसुपारीचं तबक पुढं सरकवलं. भाऊबंदकीच्या घरातली मुलगी नको, असं म्हणायला माणसांना काय लागतं? व्याही गेल्यावर मी धीर करून म्हटलं, "अक्षत घेऊन कल्याणला जाणं व्हावं. झालं गेलं विसरून जावं."

"अगं, विसरू काय?" यजमान वैतागले. "मला आठवतच नाही!"

मी कपाळाला हात लावला. इतकी वर्षं लोणच्याच्या बरणीसारखा जपलेला हा राग, आणि आत काय घातलं होतं ते धन्यालाच ठाऊक नाही.

"मग सरळ क्षमा मागावी," मी म्हटलं.

"कशाबद्दल मागू? दादा विचारतील की, कशाबद्दल?"

हाडाचा कारकून! वर विषय लिहिल्याखेरीज अर्ज करायचा कसा, हे यांचं दुखणं. मग ओसरीवर येरझारा घालत कारणं शोधणं सुरू झालं. गावाकडच्या फणसाची वाटणी? तो फणस तर अबोल्याच्या आधीच वादळात पडला होता. सासूबाईंच्या दागिन्यांवरून? ते आम्ही जावांनी हसतखेळत वाटून घेतले होते. यांनी एकेक कारण काढावं आणि मी ते मोडावं, असा आमचा दिवस जायचा. पण लग्न जवळ आलं तसं यांचं जेवण कमी होत गेलं. एकदा अर्ध्या ताटावरून उठताना म्हणाले, "दादा मांडवात नसतील तर कन्यादानाचं पाणी माझ्या हातून सुटायचं नाही." त्यानंतर मात्र मला थट्टा सुचेना.

पहिली अक्षत टिटवाळ्याच्या गणपतीला ठेवायची म्हणून आम्ही दोघं गेलो. देवापुढं हे इतका वेळ डोळे मिटून उभे राहिले की गुरवानं दोनदा खाकरून पाहिलं. काय मागणं चाललं होतं ते मला कळत होतं. परतीच्या गाडीसाठी टेसनात येऊन बसलो, तेव्हा चेहरा आणखीच उतरला होता. देवानंही काही सांगितलं नव्हतं.

गाडी आली. आम्ही डब्यात चढून बसलो. आमच्या मागून एक म्हातारा शेतकरी आला. त्यानं दाराशी वहाणा काढल्या, भिंतीकडेला लावतात तशा नीट जोडून फलाटावर ठेवल्या, पायरीला हात लावून तो कपाळाला लावला आणि आत येऊन बसला. चांगल्या घरात शिरताना करतात, तसंच केलं बिचाऱ्यानं. शिटी झाली, गाडी हलली, आणि म्हातारा दाराकडे धावला. "आरं, माज्या वहाना ऱ्हायल्या खाली! थांबवा रं गाडी!"

सगळा डबा हसला. सगळ्यांत मोठ्यानं हसले ते आमचे यजमान. आणि हसता हसता एकदम थांबले. माझा हात धरला, तोही चारचौघांत!

"अगं, दादांचा जोडा," ते म्हणाले.

मग सगळं बाहेर आलं. थोरल्या भावांच्या मुलीचं नुकतंच ठरलं होतं. नवे व्याही, दादा आणि हे असे तिघं मिळून आगगाडीनं निघाले. दादांची पहिलीच खेप. त्यांनी नवाकोरा लाल पुणेरी जोडा असाच दाराशी काढून ठेवला, आणि गाडी सुटली. तेव्हा हे पोट धरधरून हसले. यांचं बघून व्याहीही हसले. दादा पुढच्या टेसनात उतरले आणि रुळांच्या कडेनं, खडीवरून, अनवाणी घरी गेले.

"इतकी मोठी गोष्ट विसरणं झालं कसं?" मी विचारलं.

"मला ती गंमत वाटली होती गं. दादा रुसले म्हणून मीही रुसलो, तेवढंच ध्यानात राहिलं," हे हळूच म्हणाले.

कल्याणला मला हाकही न मारता हे उतरले. अक्षतांची वाटी सांभाळत मी मागून धावले. घरी पोचल्यावर मी आत जाऊबाईंकडे गेले, आणि आम्ही दोघी माजघराच्या दाराआड पदर तोंडाशी धरून उभ्या राहिलो.

हे ओसरीवर वाकून म्हणाले, "दादा, तुमचा जोडा राहिला तेव्हा मी हसलो. व्याह्यांसमोर हसलो. चुकलो."

दादा म्हणाले, "तो जोडा? तो हमालानं दुसऱ्या दिवशी आणून दिला. राग चार दिवसांत गेला माझा. पण तू येईनास. मग मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं असणार. काय चुकलं, ते इतकी वर्षं आठवत बसलोय."

जाऊबाईंनी माझा दंड घट्ट धरला.

दादांनी अक्षता घेतल्या, डोक्याला लावल्या. मग यांना विचारलं, "आज आठवलं नसतं, तर आला नसतास?"

उत्तराची वाट न पाहता दादाच उठले आणि त्यांनी यांना हाताला धरून आपल्याशेजारी बसवलं.