मीही इनसेकी करतो

संध्याकाळी ऑफिसातून कोणी निघालं की बाकीचे सगळे त्याला म्हणतात, ओत्सुकारेसामा. त्याचा सरळ अर्थ, तुम्ही दमलात. आम्ही टोकियोतल्या ओजिमा भागात राहायला आलो त्या पहिल्या वर्षात हा शब्द माझ्या कानांवर इतक्या वेळा आदळला की घरी आल्यावर बायकोने नुसतं "दमलास का रे?" विचारलं तरी मी खेकसायचो. दमलो होतोच, त्यात विचारायचं काय? पुण्याच्या कंपनीने मला टोकियोला पाठवलं ते जपानी माणसं आणि आमची पुण्यातली पोरं यांच्यामध्ये पूल म्हणून. पुलावरून सगळे चालत जातात, पुलाला कोणी बस म्हणत नाही.

माझं जपानी म्हणजे एक 'शिमासु'. शिमासु म्हणजे करतो. टेनिस शिमासु, गोल्फ शिमासु, टेस्ट शिमासु, रिलीज शिमासु. कुठल्याही शब्दाला ही शेपटी लावली की माझं काम भागायचं. लिपीच्या वाटेला मी गेलो नाही. बायकोचं तसं नव्हतं. ती रविवारी वॉर्डाच्या हॉलमध्ये चालणाऱ्या फुकट वर्गाला जायची, घरी येऊन अक्षरं गिरवायची आणि भाजीवाल्याशी जपानीत हुज्जत घालायची. ती भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. झालेली. इथे मात्र माझ्या व्हिसाला चिकटून आलेली, म्हणून एका कारखान्यात जेवणाचे डबे भरत होती. भाताच्या मधोमध खारवलेलं लाल आलुबुखार ठेवणं हे तिचं काम. "एवढं शिकून शेवटी कुंकू लावते भाताला," असं ती म्हणायची. हसत म्हणायची, पण मला ते बोचायचं.

कॉलेजात असताना तिची सहल लोणारला गेली होती. उल्का आदळून जमिनीला एवढं मोठं भगदाड पडलं, पण त्या उल्केचा तुकडा काही कोणाला मिळत नाही, याचं तिला तेव्हापासून वाईट वाटत आलेलं. सहारात, ओमानात लोक वाळवंट तुडवत जातात आणि वाळूवर पडलेले काळे दगड उचलून आणतात, हे ती मला जेवताना सांगायची. एकदा तरी असं शोधत फिरायचं, एवढीच तिची इच्छा. मला सलग तीन दिवसांची रजा मिळण्याची मारामार, ओमान कुठलं! मग तिच्या वर्गातल्या बाईंनी तिला सांगितलं की जपानच्या नकाशात वाळवंट असं लिहिलेली जागा एकच आहे, ओशिमा बेटावर. टोकियोहून बोटीने जाता येतं. त्याच बाईंनी तिला उल्केच्या दगडाचा शब्दही दिला: इनसेकी. तिने तो घरात इतका घोकला की माझ्याही डोक्यात जाऊन बसला. उपयोगाचे शब्द कधी असे बसले नाहीत.

त्या महिन्यात आमची नवी प्रणाली एका मोठ्या ग्राहकाकडे सोमवारी सकाळी सुरू झाली आणि दुपारी कोसळली. का कोसळली ते सगळ्यांना ठाऊक होतं. ग्राहक शेवटच्या आठवड्यापर्यंत मागण्या बदलत होता, आणि आमच्या विभागाच्या मोठ्या साहेबांनी कोणालाही न विचारता तारीख कबूल करून टाकली होती. पण मोठ्या साहेबांकडे बोट कोण दाखवणार? माझं काँट्रॅक्ट दर वर्षी त्यांच्याच सहीने वाढायचं. सही नाही तर काँट्रॅक्ट नाही, काँट्रॅक्ट नाही तर व्हिसा नाही, आणि मग चंबूगबाळं आवरून पुणे. तिथे माझ्या जागी कोणीतरी केव्हाच बसलेलं. दोष भारतातल्या टीमवर ढकलणार अशी कुजबुज होती, आणि त्या टीमचा इथला चेहरा म्हणजे मी. त्या दिवसांत मी फोन वाजला तरी दचकायचो.

आमच्या सेक्शनचे प्रमुख म्हणजे काचो. हे पद आहे, पण त्यांना सगळे त्यानेच हाक मारायचे. पन्नाशीचे, खांदे उतरलेले, बोलणं अगदी कमी. एका दुपारी कॉफीच्या मशीनपाशी आम्ही दोघेच होतो. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "मी महिनाअखेरीला इनसेकी शिमासु."

मला इतका आनंद झाला! इतक्या दिवसांत कामाखेरीज ते माझ्याशी पहिल्यांदा बोलत होते, आणि बोलले तेही माझ्या घरातलं. गोल्फ शिमासु तसं इनसेकी शिमासु. काचो उल्का शोधतात! मी म्हणालो, "वाताशी मो शिमासु!" मीही करतो. त्यांच्या हातातला कप थांबला. मी आणखी जोर लावला. "माझी बायकोही करते. तिला हे फार आवडतं. आपण एकत्र करू या. शनिवारी, ओशिमाला, प्लीज."

 काचोंनी कप मशीनवर ठेवला, दोन्ही हात मांड्यांना लावले आणि मला कमरेतून वाकून नमस्कार केला. एखाद्या छंदापायी कोणी इतकं वाकेल का? पण मला वाटलं, जपानी आहेत, असेल. मी घरी जाऊन बायकोला म्हणालो, "अगं, तुला जोडीदार मिळाला."

शनिवारी सकाळी ते धक्क्यावर आमच्या आधी येऊन उभे होते. बायको जुने कपडे आणि टोपी घालून आलेली, हातात फरशी पुसायची काठी, तिच्या टोकाला बंद पडलेल्या स्पीकरमधलं चुंबक बांधलेलं. काचो गडद सूट आणि चकचकीत बुटांत. त्यांनी बायकोला दोन्ही हातांनी एक जड, नीट गुंडाळलेला मिठाईचा खोका दिला आणि खाली वाकून म्हणाले, "तुमची मी क्षमा मागतो."

"हे माफी का मागतायत?" बायकोने मला मराठीत विचारलं.

"रीत असेल," मी म्हणालो. कळत नसलेलं सगळं मी रीत या खात्यात टाकत असे.

ओशिमाचं वाळवंट म्हणजे ज्वालामुखीच्या अंगाखांद्यावरची काळी राख आणि खडी. बसने वर, पुढे चढण, आणि मग एकाएकी झाडं संपतात. डोंगराची उतरण नुसती काळीभोर, वर वारा असा की टोपी एका हाताने धरूनच चालावं लागत होतं. पाय घोट्यापर्यंत रुतायचे आणि बुटांत खडी जायची. मी पहिल्या चढातच गळालो. आठवड्यात एक शनिवार झोपायला मिळतो, तो आपण इथे घालवतोय, हा विचार डोक्यातून जाईना.

बायकोने काठी खाली टेकवली आणि उचलली. चुंबकाला खडीची दाढी लटकली होती. तिने ती झटकली, चार पावलं पुढे जाऊन पुन्हा टेकवली. पुन्हा दाढी.

"इथे सगळंच चिकटतं," ती म्हणाली. "सगळ्यात लोह. आणि ही जमीन कालपरवाची. वरून काही पडलं असेल तरी राखेखाली गडप. उल्का शोधायला याहून वाईट जागा नाही."

"मग आलो कशाला?" मी ओरडलोच जवळजवळ.

"मला माहीत होतं ना आधीपासून." ती गुडघ्यांवर बसून दगड हातात फिरवत होती, भिंग डोळ्याला लावलेलं. "मला फक्त एकदा जमिनीवर बसायचं होतं रे. किती दिवसांत दगडच पाहिला नाही मी."

मी तिच्यावर चिडणार होतो, ते राहूनच गेलं. तिचा चेहरा इतका निवांत मी ओजिमाच्या घरात कधी पाहिला नव्हता. काचो थोडे दूर उभे होते, बूट राखेने माखलेले, काय चाललंय याचा अंदाज घेत.

दुपारी आम्ही वाऱ्याच्या आडोशाला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. काचोंनी एक दशमी हातात घेतली, पण खाल्ली नाही. ते बायकोकडे वळून सावकाश, सोप्या शब्दांत बोलू लागले, आणि ती मला मराठीत सांगत गेली. "ते म्हणतायत, तुमच्या यजमानांचं मन मोठं आहे. पण मी ते मान्य करू शकत नाही. त्यांनी इनसेकी करू नये. हे तुमच्या समोर सांगायचं म्हणून मी आलो."

"का करू नये?" मी विचारलं. "एवढ्या लांब आलोय."

बायकोने मात्र काचोंकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "कुठलं इनसेकी? अक्षरं कुठली?"

काचोंनी बोटाने काळ्या राखेत दोन अक्षरं काढली.  बायकोने ती वाचली आणि त्यांच्या खाली आपली दोन काढली. उच्चार तोच. तिच्या जोडीतलं शेवटचं अक्षर तिच्या वहीत पाहून पाहून मलाही येत होतं: दगड. त्यांच्या जोडीतलं वेगळं होतं.

"यांचं म्हणजे दोष," ती म्हणाली. "दोष स्वतःवर ओढून घेणं. राजीनामा देतायत रे ते. त्या सोमवारसाठी. आणि तू त्यांना काय म्हणालास? मीपण, माझी बायकोपण, तिला फार आवडतं!"

 कुजबुज का थांबली होती, पुण्याला एकही रागाचा फोन का गेला नव्हता, ते मला तिथे बसल्या बसल्या कळलं. आमचं बिऱ्हाड ओजिमात राहणार होतं, कारण हा माणूस निघून जाणार होता.

काचो खालच्या अक्षरांकडे बघत होते. मग माझ्याकडे, मग त्या काठीला बांधलेल्या चुंबकाकडे. आणि ते हसायला लागले. मी त्यांना आधी कधी हसताना पाहिलं नव्हतं. दशमी खाली ठेवून, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. आम्हीही हसलो, दुसरं काय करणार? हसणं ओसरल्यावर ते डोळे पुसत म्हणाले, "त्या दुपारनंतर मला झोप लागू लागली होती. वाटलं होतं, कोणीतरी बरोबर आहे." ते तक्रारीने म्हणाले नाहीत, म्हणूनच मला खाली बघावं लागलं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण माझ्याजवळ शिमासुखेरीज होतं काय? त्यांनी हातानेच मला थांबवलं. "तुम्ही दगडांचं करा," ते म्हणाले. "माझं एकाने करायचं काम आहे."

परत निघायला अवकाश होता. बायको पुन्हा काठी घेऊन उतरणीवर गेली, आणि या खेपेला काचो तिच्यामागून गेले. वाकून त्यांनी एक दगड उचलला, तळहातावर तिच्यापुढे धरला.

"इनसेकी देसु का?" इनसेकी आहे का?

तिने भिंगातून पाहिलं. "इनसेकी जा अरिमासेन." इनसेकी नाही.

"सो देसु का," ते म्हणाले. असं होय. दगड त्यांनी फेकला नाही, होता तिथे ठेवला आणि दुसरा उचलला.

असं बराच वेळ चाललं. सगळे दगड सारखे काळे, सगळे त्याच डोंगराचे, हे एव्हाना त्यांनाही कळलं असणार. तरी ते वाकत होते, विचारत होते, आणि बायको एकही दगड न पाहता परत देत नव्हती. प्रत्येक खेपेला तेच उत्तर, शिक्षिकेसारखं स्पष्ट. इनसेकी नाही. हळूहळू त्यांचा आवाज बारीक होत गेला, आणि माझ्या लक्षात आलं की ते दगडाबद्दल विचारतच नाहीयेत. तिच्या ते माझ्याआधी लक्षात आलं होतं. शेवटच्या दगडाला तिने भिंग लावलंच नाही. त्यांच्या डोळ्यांकडे बघून म्हणाली, "इनसेकी नाही, काचो." ते नुसतं "सो देसु का" म्हणाले आणि तोंड फिरवून समुद्राकडे बघत उभे राहिले. बोटीत आम्ही तिघेही झोपलो.

महिनाअखेरीला त्यांनी टेबल आवरलं. सगळा विभाग लिफ्टपाशी दोन्ही बाजूंना उभा राहिला. मोठे साहेब सगळ्यांत पुढे, चेहरा अगदी योग्य तेवढा गंभीर. काचो खोका हातात घेऊन लिफ्टमध्ये शिरले, आमच्याकडे वळले आणि वाकले. आम्ही सगळे वाकलो. ओत्सुकारेसामा, सगळे एका सुरात म्हणाले. तुम्ही दमलात. माझ्याही तोंडात तोच शब्द आला होता, पण मला तो म्हणवेना. मला त्या साहेबांची सही दिसत होती, ओजिमाचं घर दिसत होतं. आणि तरी माझा आवाज सगळ्यांच्या नंतर, एकटाच, मोठ्याने निघाला.

"काचो, इनसेकी जा अरिमासेन!"

 मोठ्या साहेबांनी मान वळवून शेजारच्याला विचारलं, हा काय म्हणाला? शेजारचा घाईघाईने म्हणाला, याचं जपानी कच्चं आहे. मी आणखी खाली वाकलो. समोर कोणाचा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त लिफ्टचं दार सरकायला लागल्याचा आवाज आला, आणि त्या फटीतून काचोंचा, ओशिमावर होता तितकाच बारीक.

"सो देसु का."