शंखाखालचा डबा

भाऊ गेल्याचा निरोप माझ्या सासरी, नागावला, एस.टी.च्या कंडक्टरनं आणला. गाडी वाडीपाशी उभी करून तो दारापर्यंत आला. "वयनी, तुमी म्हायेरी जा. जनूभाऊ..." भाऊ तापानं पडून आहे हे मला ठाऊक होतं. माझ्या मनात पहिलं काय आलं ते सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगते. रडू नंतर आलं. आधी वाटलं, आता तरी आबा खरं बोलतील का? आबा म्हणजे आमचे वडील.

आमचं गाव खाडीच्या काठाला. भातशेती आणि खारं पाणी यांच्यामध्ये मातीचा एक बांध. तो राखायला गावाची जोळ होती, म्हणजे बांधाच्या आत ज्यांची शेतं, त्यांनी मिळून तो सांभाळायचा. उधाणाचं पाणी चढलं की शंख वाजायचा आणि घरटी एक माणूस टोपली-फावडं घेऊन बांधावर हजर. शंख आमच्या पडवीत खुंटीला, कारण जोळीचे पुढारी आबा. ज्याच्या घरचं कुणी आलं नाही त्याचं भांडं उचलून आणायचे, दंड भरेपर्यंत. शेजारची काशीकाकू विधवा झाली, घरात दुसरं कुणी नाही, बाईमाणसाला बांधावर घेत नसत आणि मजूर लावायची ऐपत नव्हती. तिचा लग्नातला तांब्याचा हंडा आमच्या पडवीत आला. भाऊला तेव्हा नुकतं मिसरूड फुटलेलं. त्यानं सरळ तो खांद्यावर घेतला आणि तिच्या दारात नेऊन ठेवला. आबा म्हणाले, "मोठा शाना हाय." तेव्हापासून बापलेकांचं जे बिनसलं ते बिनसलंच.

स्वातंत्र्यानंतर विकास गटाच्या जीपगाड्या यायला लागल्या. खारे बांध सरकार ताब्यात घेणार, दगडाचे करणार, असं कळल्यावर भाऊनं घरोघरी फिरून गावाला राजी केलं. "आता कुनाचं भांडं उचलायचं न्हाय," हे त्याचं पालुपद. लोक खूश झाले. आबा एका शब्दानं आडवे आले नाहीत. फक्त शंख देईनात. "सरकारला शंख कशाला?" म्हणाले. दगडाचं काम व्हायचं होतं, तोवर उधाणाला हाक द्यायला भाऊनं रॉकेलचा रिकामा डबा ठेवला.

त्या श्रावणात मी बाळंतपणाला माहेरी होते. माझी खोली पडवीला लागून, कुडाला फट, त्यामुळे सगळं दिसत होतं. अमावास्येची भरती भर दुपारी. बांध फुटून खांड पडली आणि भाऊ डबा बडवत गावातून धावत गेला. माणसं बाहेर आली, आणि... आमच्या पडवीकडे बघत उभी राहिली. आबा उठतात का, एवढंच त्यांना बघायचं होतं. आबा सुपारी कातरत होते. कुणीतरी विचारलं, "आबा, जायाचं ना?"

"आमचे घरचा मानूस गेला हाय," आबा म्हणाले. "आन बांध आता सरकारचा हाय."

अडकित्ता चालूच राहिला. माणसं एकेक करून घरात गेली. फक्त काशीकाकू पदर खोचून, टोपली घेऊन निघाली. ओहोटी लागेपर्यंत ती आणि भाऊ खांडीत चिखल टाकत होते. दोन टोपल्यांनी उधाण अडतं थोडंच. सगळं शेत खारं झालं.

पुढं काही वर्षं तिथं भात पिकलं नाही. कुणी मिठागरावर गेलं, कुणी मुंबईला गिरणीत. आणि नाव कुणाचं झालं? भाऊचं. "जनूनं बांध इकला." त्याला मुलगी द्यायला कुणी तयार होईना. आबा सांगत, "शंख वाजला असता तं गेलो असतो. डबा मला आयकूच आला न्हाय." ज्यांनी त्यांना तोंडावर विचारलं होतं, तीच माणसं समोर बसून माना डोलवायची. सगळ्यांच्याच सोयीचं होतं ते. भाऊ तिथंच असायचा. मी एकदा त्याला म्हटलं, "तू बोलत का न्हाईस?" तो म्हणाला, "काय बोलू गो? त्यांच्या हातातलं काढून घेतलं ते मीच ना?" आणि काठी घेऊन बांधावर गेला. पौर्णिमा होती. बांध केव्हाच दगडाचा झाला होता, तरी उधाणाला त्याची फेरी चुकली नाही.

तेराव्याला गाव जमलं, घरटी एक माणूस. भाऊबद्दल लोक चांगलं चांगलं बोलले. मी आबांच्या तोंडाकडे बघत होते. निदान आता, या सगळ्यांसमोर... त्यांनी सुपारीचं तबक पुढं सरकवलं. मला त्या पडवीत बसवेना इतकी लाज वाटली. आपल्याच बापाची लाज वाटणं फार वाईट.

माणसं पांगल्यावर आबा म्हणाले, "तो डबा दे गो." शंखाच्या खालीच असतो तो, चेपलेला. मांडीवर घेऊन त्यांनी बोटांनी वाजवला. "एवढा आवाज व्हता?"

"न्हाय आबा. मोठा व्हता."

त्यांनी अडकित्त्यानं ठोकला. "एवढा?"

"वाजवा अजून," मी म्हटलं. माझ्या बोलण्यात राग होता, लपवत नाही.

मग त्यांनी डबा बडवलाच. थांबेचनात. आणि अंगणात काशीकाकू येऊन उभी राहिली. कमरेत वाकलेली, पदर खोचलेला, काखेत टोपली. धापा टाकत म्हणाली, "कुठं फुटला?"

आबांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. मीच काकूला हाताला धरून घरी पोचवलं. काही फुटलं नाही, असं सांगितलं. सांगताना माझीही नजर वर होईना.

अजून मी माहेरीच आहे. आबा फारसं बोलत नाहीत. पडवी झाडताना डबा बाजूला करावा लागतो. तो मी दोन्ही हातांनी उचलते, वाजू नये म्हणून. वाजला तर काकू येईल.